बोन्साय भेट द्यायचंय? आधी खिडकी बघा, मग झाड

माझ्या मावसबहिणीच्या वास्तुशांतीला मी ज्युनिपरचं बोन्साय नेलं होतं. निळसर चकाकीची उथळ कुंडी, एका बाजूला झुकलेलं खोड, खाली मखमलीसारखं शेवाळ. आलेला प्रत्येक जण त्याच्याजवळ थांबत होता. दीड महिन्याने तिचा फोन आला, "ताई, मी रोज पाणी घालत होते गं, तरी सगळं झडलं. माझ्या हातून झाड जगतच नाही." झाड गेल्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. चूक तिची नव्हतीच. ठाण्याच्या दमट हवेत, सोफ्याशेजारच्या टेबलावर जगणं ज्युनिपरच्या प्रकृतीतच नाही. त्याला उघड्यावरचं ऊन लागतं आणि थंडीतली विश्रांती लागते. शिवाय हे झाड मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं, म्हणजे बिचारी बहुधा शेवटचे काही दिवस मेलेल्या झाडालाच पाणी घालत होती.

तेव्हापासून कुणी विचारलं की "नवशिक्याला कुठलं बोन्साय देऊ?", तर मी झाडाचं नाव लगेच सांगत नाही. आधी ते घर आणि तो माणूस कसा आहे ते विचारते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

थोडं आधीचं

बोन्साय म्हणजे झाडाची वेगळी जात नव्हे. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे तबकासारखं उथळ भांडं आणि 'साय' म्हणजे लावणं. ही कला चीनमधून जपानमध्ये गेली आणि तिथे बहरली. मराठीत आपण तिला वामनवृक्षकला म्हणतो. वड, चिंच, डाळिंब, बोगनवेल, यांतल्या कुठल्याही झाडाचं बोन्साय होतं. झाडाला उपाशी ठेवून खुरटवतात हा समज खोटा आहे. मुळं आणि फांद्या वेळच्या वेळी छाटून त्याचा आकार राखतात. खाणं-पाणी तर त्याला जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त नियमित द्यावं लागतं, कारण मूठभर मातीत साठा तो किती राहणार!

याच कारणासाठी बोन्साय ही फुलांच्या गुच्छासारखी भेट नाही. देताना तुम्ही एक रोजचं कामही देत असता. ते काम समोरच्याला झेपेल असं निवडणं ही देणाऱ्याची जबाबदारी.

पायरी पहिली : घर बघा

ज्याला झाड द्यायचं त्याच्या घरी एकदा सकाळी अकरा-बाराच्या सुमारास जा. जिथे झाड ठेवलं जाईल तिथे पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर वर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट, बोटं मोजता येण्यासारखी दिसली तर उजेड भरपूर आहे. सावली पुसट पण हाताच्या आकाराची असेल तर मध्यम. सावलीच दिसत नसेल तर तिथे कुठलंच बोन्साय फार काळ टिकणार नाही, मग विक्रेता काहीही सांगो. 'घरातलं बोन्साय' हा शब्दच जरा फसवा आहे. घरात उगवणारं झाड नसतं, फार तर घरातला उजेड चालवून घेणारं झाड असतं.

पूर्वेची गॅलरी नवशिक्यासाठी सगळ्यात सोयीची. सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेचं ऊन उथळ कुंडीतली माती तव्यासारखी तापवतं, तिथे हिरवी जाळी बांधावी लागेल. बघताना आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे एसीचं बाहेरचं यंत्र. फ्लॅटमध्ये बरेचदा ग्रिलची मोकळी जागा नेमकी त्याच्याच शेजारी असते. त्या गरम झोताने दोन दिवसांत पानं कुरकुरीत होतात.

घरात कुत्रं-मांजर किंवा रांगतं मूल आहे का, तेही लक्षात घ्या. झाड ठरवताना ते उपयोगी पडेल.

आणि एक नाजूक प्रश्न आधीच विचारून घ्या. काही घरांत बोन्साय अशुभ मानतात, काहींना वड-पिंपळ घरात नको असतो. आपल्याला पटो न पटो, सासूबाईंच्या मनात किंतु असलेलं झाड त्या घरात सुखाने वाढत नाही. "घरात झाड ठेवायला चालेल ना, विशेषतः बोन्साय?" एवढं विचारलं तरी पुरतं.

पायरी दुसरी : माणूस ओळखा

झाडं मरतात ती बहुतेक पाण्यामुळे, आणि माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना आठवडाभर झाडाची आठवण होत नाही. फिरतीची नोकरी, लहान मूल, परीक्षा, कारण काहीही असेल. दुसरी, ज्यांना प्रेमाने दिवसातून दोनदा पाणी घालावंसं वाटतं. यातली दुसरी मंडळी झाडाला जास्त धोक्याची. आपला माणूस यातला कुठला, हे तुम्हाला नर्सरीवाल्यापेक्षा नक्कीच चांगलं माहीत असतं.

पायरी तिसरी : झाड निवडा

विसराळू माणसाला जेड द्या. आपल्या नर्सऱ्यांत छोट्या गोल पानांचं, लालसर देठांचं जे जेड मिळतं ते बहुधा पोर्ट्युलाकारिया आफ्रा. मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, तिथे हत्ती ते आवडीने खातात. हत्तीने ओरबाडल्यावर पुन्हा फुटायची सवय असल्याने छाटणीला ते कधी नाही म्हणत नाही. पाणी पानांत साठवतं, त्यामुळे आठ-दहा दिवस कुणी फिरकलं नाही तरी चालतं. त्याचं पान चिमटीत धरून बघा. टणक, भरलेलं असेल तर पाणी नको. थोडं मऊ, सुरकुतलेलं लागलं तर तहान लागली आहे. पिवळं पडून हात लावताच गळत असेल तर पाणी जास्त झालं. पाण्याचं गणित इतकं सरळ सांगणारं दुसरं झाड मला माहीत नाही. कुत्र्या-मांजरांनाही ते घातक नाही. मात्र जेड नावाने मोठ्या, जाड, चकचकीत पानांचं क्रासुलाही विकतात आणि ते प्राण्यांच्या पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून पानांचा आकार नीट बघून घ्या.

रोज पाणी घालणाऱ्या माणसाला नांद्रुक द्या. नर्सरीत तो 'फायकस मायक्रोकार्पा' किंवा नुसता 'फायकस' म्हणून मिळतो. वडाच्याच कुळातला, आपल्या रस्त्यांच्या कडेला भल्यामोठ्या सावलीने उभा असतो तोच. आपली हवा त्याची घरचीच. पाणी थोडं जास्त झालं, कमी झालं, छाटणी चुकली, तरी सावरतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत त्याला पारंब्याही सुटतात, आणि लहानशा झाडाला सुटलेली पहिली पारंबी बघणं हा आनंदच वेगळा. याचा चीक त्वचेला खाजवू शकतो, प्राण्यांनी पानं चावलेलीही बरी नाहीत. जिथे मांजर आहे तिथे मी जेडच देते.

बाजारात 'जिनसेंग फायकस' या नावाने बटाट्यासारख्या फुगीर मुळांचं झाड दिसतं. तेही नांद्रुकच. जाड मुळं एका रोपाची आणि वर बारीक पानांच्या जातीचं कलम. अभिजात बोन्साय म्हणून जाणकार त्याला नाकं मुरडतात, पण नवशिक्यासाठी ते अतिशय चिवट झाड आहे आणि मी ते निःसंकोच देते. फक्त कलमाच्या खालून फुटणारे मोठ्या पानांचे धुमारे खुडत राहायला सांगायचं, नाहीतर तेच जोर धरतात.

कडक उन्हाची गच्ची असेल तर अडेनियम छान. फुगीर बुंधा आणि गुलाबी फुलं. पाच-सहा तास ऊन हवंच, आणि चीक विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी नको. थंडीत पानं गाळतं, ते सांगून ठेवावं, नाहीतर मेलं समजून टाकून देतात. सुवास आवडणाऱ्या, थोडाफार बागकामाचा हात असलेल्या माणसाला कुंती चालेल.

नवशिक्याला जे देऊ नये ते : ज्युनिपर, पाइन, सेरिसा, कार्मोना. पहिली दोन आपल्या समुद्रकाठच्या शहरांत फ्लॅटमध्ये रमत नाहीत, पुढची दोन जागा बदलली तरी रुसतात. फोटोत ही चारही अप्रतिम दिसतात, म्हणूनच हा इशारा.

पायरी चौथी : नर्सरीत काय तपासायचं

शक्यतो स्वतः जाऊन घ्या. पुण्याजवळ उरुळी कांचन परिसरात रोपवाटिकांची रांगच आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये आणि मुंबईच्या राणीच्या बागेत हिवाळ्यात भरणारी फुला-झाडांची प्रदर्शनंही डोळा तयार करायला उत्तम. पुण्यात २०१८च्या फेब्रुवारीत 'बोन्साय नमस्ते' हे आंतरराष्ट्रीय संमेलन आणि प्रदर्शन भरलं होतं. तसल्या ठिकाणी चाळीस वर्षांची झाडं बघून आलं की नर्सरीतल्या चार वर्षांच्या रोपात काय शोधायचं ते कळायला लागतं.

आता झाड हातात घ्या आणि घाई करू नका.

सगळ्यात आधी कुंडी उलटी करून नव्हे, पण डोक्यावर उचलून तिचा तळ बघा. भोक आहे का? एक असेल तर ते बुजलेलं नाही ना? तळाला भोक नसलेल्या देखण्या कुंडीतलं झाड घेऊ नका, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळांनी कुजणार.

मग मातीवरचे पांढरे खडे बोटाने हलवून बघा. बरेचदा ते डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असतात, वाहतुकीत सांडू नयेत म्हणून. त्या थरावर पाणी घातलं तर कडेने वाहून जातं आणि आत माती कोरडीच राहते. झाड बाकी चांगलं असेल तर घ्या, पण घरी आल्या आल्या तो थर चमच्याने सोडवून काढा.

बुंधा दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवा. झाड कुंडीसह हललं पाहिजे. नुसतं झाड डुगडुगलं तर ते कालच कुंडीत बसवलेलं आहे, मुळं धरलेली नाहीत. अशी झाडं नर्सरीत टवटवीत दिसतात आणि घरी आल्यावर मान टाकतात. नर्सरीवाल्याला सरळ विचारा, "या कुंडीत कधी लावलंय?" निदान दोन-तीन महिने झालेले असावेत.

पानं उलटी करा. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड. पानाला चिकट लागलं तरी तीच किंवा मावा-खवल्याची शंका घ्या. तार गुंडाळलेली असेल तर ती सालीत रुतली आहे का बघा. रुतलेल्या तारेचे व्रण वर्षानुवर्षं जात नाहीत. शेंड्याला नवी, फिकट हिरवी फूट असेल तर झाड खुशीत आहे.

वयाच्या मागे लागू नका. 'पंधरा वर्षांचं' म्हणून सांगितलेलं वय तुम्ही तपासू शकत नाही आणि नवशिक्याला त्याची गरजही नाही. चार-पाच वर्षांचं, बुंध्याशी रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं झाड पुरे. काही शे रुपयांत चांगलं जेड मिळतं. उरलेले पैसे पुढच्या पायऱ्यांवर खर्च करा.

पायरी पाचवी : तीन आठवडे आपल्याकडे ठेवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी झाड घेऊ नका. तीन आठवडे आधी घ्या आणि आपल्या गॅलरीत, बाकी झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर एवढ्यात दिसते. नर्सरीच्या जाळीखालून फ्लॅटमध्ये आल्याचा पहिला धक्का तुमच्या देखत बसतो आणि भेट देताना झाड सावरलेलं असतं.

यात काही नवं नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षानिमित्त जपानने १९७६ मध्ये ५३ बोन्साय भेट दिली, तेव्हा तीही आधी विलगीकरणात ठेवली होती. त्यातलं एक पांढऱ्या पाइनचं झाड १६२५ पासून जोपासलेलं, हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचं. १९४५च्या अणुबॉम्बमधून ते वाचलं होतं. ही गोष्ट देणाऱ्यांनी त्या वेळी सांगितलीच नाही. २००१ मध्ये यामाकींची नातवंडं वॉशिंग्टनला झाड बघायला गेली तेव्हा सगळ्यांना कळली. झाड आजही तिथल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे.

पिठ्या ढेकूण दिसलेच तर कापसाचा बोळा सॅनिटायझरच्या स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, आणि आठवड्याने कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा : लिटरभर पाण्यात पाच मिली तेल आणि दोन-चार थेंब भांडी घासायचं लिक्विड. फवारणी संध्याकाळीच, उन्हात केली तर पानं भाजतात.

पायरी सहावी : झाडासोबत काय द्यायचं

बारीक भोकांची छोटी झारी. पेल्याने पाणी ओतलं की माती उकरली जाते. कुंडीखाली ठेवायला एक पसरट बशी आणि तिच्यात घालायला नदीतले गोटे, म्हणजे निथळलेल्या पाण्यात कुंडी बसत नाही. छोटी धारदार कात्री. अगरबत्तीच्या उरलेल्या पाच-सहा बांबूच्या काड्या, दोऱ्याने बांधून. काड्या कशाला ते पुढे येईलच.

आणि हाताने लिहिलेलं एक पत्र. छापील माहितीपत्रक कुणी वाचत नाही. आपल्या माणसाचं अक्षर फ्रिजवर लावलं जातं. नांद्रुकासोबत मी देते ते पत्र असं :

"हा नांद्रुक. वडाचा भाऊ. पूर्वेच्या गॅलरीत ठेव, टीव्हीजवळ नको. रोज सकाळी काडी मातीत दोन सेंटीमीटर खुपस, मिनिटभर ठेव, काढ. ओली, मातकट निघाली तर आज पाणी नाही. कोरडी निघाली तर खालून पाणी गळेपर्यंत घाल. सुरुवातीला दहा-वीस पानं पिवळी होऊन गळतील. घाबरू नकोस, जागा बदलली की तो असंच करतो. जागा मात्र परत बदलू नकोस. महिनाभर खत नाही, कापाकापी नाही. शंका आली की फोटो पाठव, कितीही वाजता."

जेडसाठी पत्रात पाण्याची ओळ बदला : काडीऐवजी पान दाबून बघायचं, आणि पावसाळ्यात छपराखाली घ्यायचं.

परदेशी असलेल्या मुलाला किंवा बहिणीला द्यायचं असेल तर सामानातून मातीसकट झाड नेण्याचा विचारही नको, विमानतळावर ते काढून घेतील. तिथल्याच रोपवाटिकेतून मागवा. थंड देशात घरातल्या उजेडाच्या खिडकीत फायकस किंवा जेड चालतं, इंग्लंडमध्ये चिनी एल्म नवशिक्यांसाठी सर्रास मिळतो. हीटरच्या वर मात्र ठेवायला देऊ नका.

पायरी सातवी : दिल्यानंतरचे महिने

पाणी 'एक दिवसाआड' असं ठरवून देऊ नका. जानेवारीत नांद्रुकाला दोन-तीन दिवसांनी पुरतं, मेमध्ये नागपुरात दिवसातून दोनदा लागेल, जुलैत कोकणात कित्येक दिवस लागणारच नाही. म्हणून ती काडी. माती फारच सुकून कडक झाली आणि पाणी वरून घसरायला लागलं, तर कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या.

दुसऱ्या महिन्यापासून मार्च ते ऑक्टोबर पंधरा दिवसांतून एकदा पातळ खत, पाकिटावर लिहिलं असेल त्याच्या निम्म्या प्रमाणात.

छाटणीची भीती सगळ्यांना वाटते, म्हणून पहिली छाटणी शेजारी बसून करून दाखवा. नांद्रुकाची फांदी सहा-आठ पानांपर्यंत वाढू द्यायची आणि मग दोन-तीन पानं ठेवून कापायची. पांढरा चीक येतो, ओल्या फडक्याने टिपायचा. दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांच्या बेचक्यातून दोन फुटवे निघतात. एका फांदीच्या दोन झाल्या की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला तरी तिथे असावं.

झाड अगदीच निष्पर्ण झालं तर टाकून द्यायच्या आधी नखाने सालीवर हलकासा ओरखडा काढायला सांगा. आत हिरवं असेल तर जीव आहे. पाणी बेताचं, उजेड चांगला, बस.

कुंडी बदलायची वेळ साधारण दोन वर्षांनी येते. मुळं तळाच्या भोकातून डोकावतात, पाणी जिरायला वेळ लागतो. नांद्रुकासाठी जूनचे पहिले पाऊस उत्तम. सुकवलेला विटांचा बारीक चुरा दोन भाग, गाळलेली माती एक भाग, जुनं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. विटांचं पीठ चाळून फेकून द्यायचं, त्याने निचरा बंद होतो. तळाच्या भोकावर प्लास्टिकची जाळी. मुळांचा साधारण तिसरा हिस्सा कापायचा, झाड तारेने कुंडीला बांधायचं म्हणजे हलणार नाही, आणि पंधरा दिवस सावलीत. जेडची कुंडी पावसाळ्याच्या आधीच, कोरड्या हवेत बदलावी. त्याच्या मातीत खत निम्मं करून विटेचा चुरा वाढवावा आणि बदलल्यावर आठवडाभर पाणी घालू नये, कापलेली मुळं वाळून बंद व्हायला हवीत.

मावसबहिणीला मी पुढच्या वर्षी नांद्रुक दिला, पूर्वेच्या गॅलरीतला कोपरा आधी बघून. दोन वर्षांनी जूनच्या एका रविवारी पिशवीभर विटेचा चुरा घेऊन तिच्याकडे गेले. तिने जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती, आणि कात्री पुसून तिनेच हातात घेतली.